परब मॅडमचा बर्फ

परब मॅडमच्या निरोप समारंभात इतिहासाच्या देसाई सरांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "आता दोन शब्द बोलतील आपल्या सगळ्यांच्या लाडक्या बर्फवाल्या मॅडम!" अख्खा हॉल हसला. पहिल्या रांगेतले आमचे विभागप्रमुख डॉ. सबनीस तर मांडीवर थाप मारून हसले. एका बाईने तीस वर्षं गणित शिकवलं, त्यातली शेवटची बारा वर्षं जगात मोजकी माणसं करतात असं काम उपनगरातल्या एका खोलीत बसून केलं, आणि निरोपाच्या दिवशी आपण तिला काय दिलं? शाल, श्रीफळ आणि गोळेवाल्याला शोभेल असं नाव. त्या हशाचा मला अजून राग येतो. मी हसले नव्हते, पण उठून बोललेही नव्हते. गप्प बसायची माझी सवय जुनी आहे, ते पुढे येईलच.

कुंदा परब. आई-वडील वेंगुर्ल्याकडचे, वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर कुटुंब विक्रोळीला आलं, ते कायमचंच. चार मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर मॅडम एकट्या राहायच्या. उंची बेताची, केस कायम मागे घट्ट बांधलेले, खांद्याला एक खाकी पिशवी. त्या पिशवीत डबा, खडूची पेटी, दोऱ्याचं रीळ आणि शिंप्याची मोजपट्टी. मी नवीन लागले तेव्हा स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारचं टेबल मिळालं. पहिल्याच दिवशी मी सहज म्हटलं, "काय उकडतंय ना आज, कालपेक्षा जास्तच." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "मोजलंस?"

हा त्यांचा शब्द होता. मुलगा म्हणाला की पेपर अवघड होता, तर "मोजलास?" शिपाई म्हणाला की फळा लहान पडतो, तर "मोजलास?" उत्तरपत्रिकेत कोणी 'साधारण' किंवा 'अंदाजे' लिहिलं की त्या शब्दावर त्या इतक्या जोरात काट मारायच्या की कागद फाटायचा. मुलं त्यांना घाबरायची, पण वर्ग कधी रिकामा नसायचा. सगळ्यांना त्या आडनावाने हाक मारत, मलाही 'ए वैद्य'. राग आला की मालवणीत जायच्या आणि राग त्यांना दिवसातून दोन-तीनदा तरी यायचा.

त्यांचा बर्फ मला समजायला वर्ष लागलं. एकदा दुपारी मी विचारलं तर त्यांनी पिशवीतून घडी घातलेला तपकिरी कागद काढला, टेबलावर पसरला आणि कँटीनमधून मागून आणलेली डब्यांची झाकणं त्यावर ठेवली. चहाच्या डब्याचं, रव्याच्या डब्याचं, एक अगदी हिंगाच्या डबीचं.

"डोळे मीट आणि झाकण कुठेही ठेव. मग पेन्सिलने गोल काढ."

मी काढला. दुसरा काढला. गोलावर गोल आले. चाळीसेक झाल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि गोलांच्या मधे उरलेल्या मोकळ्या जागा निळ्या खडूने भरल्या. मग मोबाइलवर एक फोटो उघडून शेजारी ठेवला. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रावरचा बर्फ, विमानातून घेतलेला. पांढऱ्यावर निळी तळी, काही गोलसर, काही लांब हातपाय पसरलेली. कागदावरची तळी आणि फोटोतली तळी अर्धे डोळे मिटून पाहिली तर वेगळी ओळखू आली नसती.

"उन्हाळ्यात वरचा बर्फ वितळतो आणि समुद्रापर्यंत न जाता वरच साचतो," त्यांनी सांगितलं. "पांढरा बर्फ ऊन परत पाठवतो. हे निळं पाणी ऊन पिऊन टाकतं. जेवढी तळी जास्त, तेवढा खालचा बर्फ लवकर जाणार. मग तळी किती, केवढी, एकमेकांना कधी मिळतात, हे नको मोजायला? एकेक तळं मोजायला कोण जाणार? म्हणून हे गोल. गोल किती मोठे आणि किती दाट, एवढ्या दोन गोष्टी बरोबर धरल्या की बाकीचं गणित आपोआप बोलतं."

एवढं साधं सांगत होत्या. तरी स्टाफरूममध्ये कोणीतरी दर महिन्याला तोच विनोद करायचं. विक्रोळीत बसून ध्रुवावरचा बर्फ! एकदा देसाई सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, तुम्ही बर्फ पाहिलाय का कधी, फ्रीजमधला सोडून?"

"देसाई, तू चंद्रावर जाऊन आलायस?"

"नाही हो."

"मग भरती-ओहोटीचं कोष्टक छापणारे जाऊन आलेत? माझा आजा त्या कोष्टकावर होडी घालायचा. त्याने कधी विचारलं नाही, चंद्र कोणी पाहिलाय म्हणून."

देसाई सर हसून मोकळे झाले. मॅडम मात्र तासभर धुसफुसत होत्या. विनोदाचा त्यांना राग नव्हता. प्रश्न विचारून उत्तर न ऐकणाऱ्या माणसाचा होता.

त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर मी दोनदा गेले आहे. पावसाळ्यात सर थांबली की त्या खडू घेऊन वर जायच्या. गच्चीवर जागोजाग पाणी साचलेलं. प्रत्येक डबक्याच्या कडेने त्या खडूची रेघ मारायच्या, अर्ध्या तासाने पाणी थोडं ओसरलं की आत दुसरी रेघ, मग तिसरी. नंतर प्रत्येक रेघेवर दोरा लावून लांबी मोजायची आणि आतल्या फरश्या मोजून क्षेत्रफळ. लहान डबकी गोल असतात, मोठी होताना वेडीवाकडी होतात, आणि एका ठरावीक उंचीला पाणी आलं की सगळी एकदम एकमेकांत शिरतात. ध्रुवावरही तसंच होतं, म्हणून ही तालीम. वाळत घातलेल्या चादरींच्या खाली एक साठीकडे झुकलेली बाई उकिडवी बसून दोरा लावते आहे, हे दृश्य शेजाऱ्यांना वेडेपणाचं वाटलं तर नवल नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी एकदा वर आले. "मॅडम, ही रांगोळी पुसा बरं. बिल्डिंगला शोभत नाही."

"मेल्या, पावसान पुसतली ती. तुका कित्याक घाई?" मग श्वास घेऊन त्या शुद्ध मराठीत आल्या. "तुमच्या कंत्राटदाराने उतार उलटा दिलाय. पाणी नळाकडे जात नाही, जिन्याकडे येतं. पुढच्या वर्षी तुमच्याच छतातून गळेल. इथून, या फरशीखालून."

"कंत्राटदार म्हणाला, अंदाजे ठीक आहे."

पुढच्या पावसात सेक्रेटरींच्याच छतातून गळलं, तिथूनच. सेक्रेटरींनी काय करावं? मॅडमना विचारायला यावं? छे. गच्चीला कुलूप लावलं, कारण म्हणे मॅडम उकिडव्या बसून फरश्या सैल करतात! मला हे सांगताना मॅडम हसत होत्या. मला हसू आलं नाही. मोजणाऱ्याला दोष देऊन गळती थांबते, असं मानणारी माणसं आपल्याकडे प्रत्येक इमारतीत असतात आणि कॉलेजात तर विभागप्रमुख होतात.

आता सबनीसांची गोष्ट. नॉर्वेतल्या एका संशोधक बाईंशी मॅडमचा कित्येक वर्षं ईमेलवर पत्रव्यवहार होता. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, पण एकमेकींची गणितं तपासायच्या. एका मार्चमध्ये त्या बाईंनी कळवलं, जुलैमध्ये जहाज जाणार आहे, सहा आठवडे, बर्फावर उतरून तळी मोजायची आहेत, तुमच्यासाठी एक जागा ठेवली आहे. प्रवासाचा खर्च त्यांचा. कॉलेजने फक्त रजा द्यायची होती.

त्या दिवशी मॅडमनी मला ते पत्र तीनदा वाचायला लावलं. मग दादरला जाऊन गमबूट घेऊन आल्या, महापालिकेचे कामगार घालतात तसले काळे. गच्चीला कुलूप होतं, म्हणून इमारतीच्या आवारात रोज सकाळी ते घालून चालायचा सराव. आवारातली माणसं हसायची. "बुटात पाय चावले तर बर्फावर मोजणार कसं?" त्या मला म्हणाल्या. हाताने विणलेली लोकरी टोपीही तयार झाली. मुंबईच्या एप्रिलमध्ये त्यांनी ती एकदा स्टाफरूममध्ये घालून दाखवली. घामाने निथळत होत्या आणि चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यांच्यात आधी कधी पाहिलं नव्हतं.

रजेचा अर्ज सबनीसांच्या टेबलावर होता. त्यांची सही हवी होती आणि सही होत नव्हती, कारण एप्रिलअखेर कॉलेजचं मूल्यांकन करायला बाहेरची समिती येणार होती. सबनीसांना अचानक बर्फाची आठवण झाली. इतकी वर्षं ज्या कामावर हसले, त्याचंच मोठं पोस्टर करायचं ठरलं. संगणकावरचं काम माझ्याकडे आलं. सबनीस उभे राहून सांगत होते आणि मी टाइप करत होते. सर्वांत वर त्यांचं नाव, खाली बारीक अक्षरात परब. मध्ये पांढरं अस्वल. आणि खाली एक परिच्छेद, त्यातलं शेवटचं वाक्य असं: 'या प्रारूपामुळे समुद्रावरील बर्फ वितळल्याने मुंबईची कोणती उपनगरे बुडतील, याचा अचूक अंदाज बांधता येतो.'

मला माहीत होतं की हे खोटं आहे. तपकिरी कागदावर गोल काढले होते मी. त्या प्रारूपात मुंबई कुठेच नव्हती. मी टाइप केलं. माझी नोकरी तेव्हा कायम झाली नव्हती, हे कारण मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. कारण खरं आहे, पण त्याने लाज कमी होत नाही.

समितीच्या आदल्या दिवशी पोस्टर कॉरिडॉरमध्ये लागलं. मॅडम समोर उभ्या राहिल्या, सगळं वाचलं, परत वाचलं. नाव खाली असल्याबद्दल एक अक्षर नाही. सबनीसांच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग.

"अस्वल कुठून आलं? माझ्या समीकरणात अस्वल नाही."

"मॅडम, आकर्षक दिसतं."

"आणि हे मुंबईचं? समुद्रावरचा बर्फ आधीच पाण्यात तरंगतोय. तो वितळून पाणी चढत नाही. जमिनीवरचा वितळला तर चढतं. हे शाळेतलं पोर सांगेल."

"समितीला एवढं खोलात जायचं नसतं हो." सबनीसांनी टेबलावरचा रजेचा अर्ज उचलला, बाजूला ठेवला आणि गोड आवाजात म्हणाले, "उद्याचा दिवस नीट जाऊ द्या. मग तुमचंही बघू."

याला धमकी म्हणत नाहीत, कारण ती चहा मागवून दिली जाते. मॅडमना ती बरोबर कळली. रात्रीतून त्यांनी काय विचार केला कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या त्या कँटीनमधून काचेचा पेला आणि बर्फाचे खडे घेऊनच.

समितीचे तिघे हॉलमध्ये बसले होते. हॉलचा एसी दोन दिवसांपूर्वी बंद पडला होता, खिडक्या सताड उघड्या, सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटलेले. सबनीसांनी पोस्टरचं कौतुक केलं. एक सदस्य म्हणाले, "वा, म्हणजे आपला मुलुंड-भांडुप कधी बुडणार ते सांगता येईल?" मॅडम उठल्या. टेबलावर पांढरा कागद पसरला, त्यावर पेला ठेवला, काठोकाठ पाणी भरलं. बर्फाचे खडे काठाच्या वर आलेले.

"हे वितळू द्या," त्या म्हणाल्या. "पाणी सांडलं तर पोस्टर खरं. नाही सांडलं तर त्यातलं शेवटचं वाक्य काढा. ते माझं नाही."

सबनीसांचा चेहरा पडला. समितीला गंमत वाटली. चहा आला, बिस्किटं आली, बर्फ हळूहळू लहान होत गेला. पाणी काठापाशीच होतं, एक थेंब बाहेर आला नाही. आणि मग मी कागदाकडे पाहिलं. पेल्याखालचा कागद ओला झाला होता. पेल्याला बाहेरून दरदरून घाम फुटला होता आणि ते पाणी ओघळून खाली कडं उमटलं होतं.

"सांडलं!" सबनीस ओरडले. "मॅडम, सांडलं की!"

सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, "हे बाहेरचं आहे. हवेतलं. पेल्यातलं नाही." कोणी ऐकत नव्हतं. "पुसून परत करते, दहा मिनिटं द्या." मघाच्या त्या सदस्यांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, जेवणाची वेळ झाली. पोस्टर छान आहे." मग ते माझ्याकडे वळले, मी सगळ्यांत जवळ उभी होते. "तुम्ही पाहत होतात ना? सांडलं का?"

मी पाहिलं होतं. एक थेंबही सांडला नव्हता. मी म्हटलं, "सर, नक्की सांगता येणार नाही."

पोस्टर राहिलं. रजा 'परीक्षेच्या कामामुळे' नामंजूर झाली. परीक्षेचं काम! त्या जुलैमध्ये मॅडमना दोन वर्गांवर पर्यवेक्षण होतं, ते कोणीही केलं असतं. जहाज गेलं. नॉर्वेच्या बाईंनी बर्फावरचे फोटो पाठवले, मॅडमनी ते मोठ्या आवडीने मला दाखवले आणि एका फोटोतल्या तळ्याच्या क्षेत्रफळात चूक आहे असं उलट टपाली कळवलं. चूक निघालीच. गमबूट त्यांनी पावसाळ्यात कॉलेजला घालून यायला सुरुवात केली. माझं रक्त उकळायचं, त्या मात्र सबनीसांबद्दल अवाक्षर काढत नसत. एकदा मीच चिडून म्हटलं, "तुम्हाला राग कसा येत नाही?"

"येतो. माझाच. मुंबईत जन्म काढला आणि मुंबईची हवा हिशेबात धरली नाही. पेल्याला घाम येतो हे पोरांना कळतं."

"पण खोटं तर ते बोलले!"

"ते खोटं बोलणार हे धरूनच प्रयोग मांडायला हवा होता. मांडणी माझी कच्ची होती."

मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. खोटं बोलणाऱ्याने सही अडवायची आणि खरं बोलणाऱ्याने आपली मांडणी तपासत बसायचं, हा कुठला न्याय? पण त्या रागात मला स्वतःलाही ओढावं लागलं असतं, म्हणून मी तिथेच थांबत असे. त्या दिवशी मी काय उत्तर दिलं त्याबद्दल त्यांनी मला कधी विचारलं नाही. पोस्टर कोणी टाइप केलं हे तर त्यांना ठाऊकच नव्हतं, असं मी चार वर्षं धरून चालले होते.

तर निरोप समारंभ. बर्फवाल्या मॅडम म्हणून हशा झाला, सबनीसांचं भाषण झालं. भाषण लांबलं. त्यात 'आमचं बर्फावरचं संशोधन' तीनदा आलं. मॅडम दोनच वाक्यं बोलल्या, मुलांनी मोजत राहावं आणि मला उशीर होतोय. मग सगळे समोशांकडे धावले. हॉल रिकामा झाला आणि मागच्या टेबलावरून हाक आली.

"ए वैद्य, इकडे ये."

मागच्या टेबलावर, खाकी पिशवीच्या आडोशाला, तोच प्रयोग मांडलेला होता. कार्यक्रम सुरू होण्याआधीच मांडून ठेवला असणार. काचेचा पेला, खाली पांढरा कागद. पेल्यातलं पाणी मात्र लाल होतं.

"कोकमाचा आगळ. चमचाभर," त्या म्हणाल्या. "पेल्यातलं सांडलं तर कागद लाल होणार. बाहेरचा घाम असला तर नुसता ओला. चार वर्षां लागली माका, वैद्य. चमचाभर आगळ! घरातली बाटली!"

बर्फ पूर्ण वितळला होता. लाल पाणी काठाला टेकून उभं होतं. कागदावर पेल्याभोवती ओलं कडं उमटलेलं होतं. मी वाकून पाहिलं. लाल ठिपका एकही नव्हता.

"आता यावर लिही, काय पाहिलं ते. सही कर."

मी पेन काढलं. मला वाटलं, आता तरी सांगावं. "मॅडम, ते पोस्टर..."

"तू टाइप केलंस. माहीत आहे." त्या पिशवीत खडूची पेटी ठेवत होत्या, वर पाहिलंही नाही. "टाइप करताना पूर्णविरामानंतर दोन मोकळ्या जागा सोडणारी कॉलेजात तू एकटीच. लागलं त्याच दिवशी मोजल्या."

म्हणजे चार वर्षं. चार वर्षं त्या माझ्या शेजारच्या टेबलावर बसल्या, डब्यातली कोलंबी माझ्या ताटलीत वाढली, माझे पेपर तपासायला मदत केली. मी कागद ओढून घेतला आणि सही करायला वाकले.

"थांब." त्यांनी माझा हात धरला. "आधी कागदाला हात लाव. न बघता लिहून द्यायची सवय वाईट आहे तुझी."

मी पेला उचलून बाजूला ठेवला. ओल्या कड्यावरून बोट फिरवलं, पूर्ण फिरवलं आणि बोट उजेडात धरून पाहिलं. मग लिहिलं, सही केली, तारीख घातली. त्यांनी वेळ पण घालायला लावली.

"ठेव तुझ्याकडे. माझं मोजून झालंय."

एवढं म्हणून त्यांनी पेला उचलला आणि उभ्या उभ्या सगळा पिऊन टाकला. "मीठ जास्त पडलंय," म्हणाल्या. शाल पिशवीत कोंबली, नारळ माझ्या हातात दिला आणि कॉरिडॉरने चालू लागल्या. पोस्टर अजून तिथेच होतं, आता काचेच्या चौकटीत. मी दारातून पाहत होते. त्या त्याच्यासमोर थांबल्या, चष्मा वर केला.

"अस्वल अजून आहेच," त्या मोठ्याने म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.